चकाकते ते सारे जुने नसते

सोन्याची परीक्षा कसोटीवर होते, माणसाची संकटात होते, असे आपण म्हणतो. जुन्या मोटारगाडीची परीक्षा मात्र मोकळ्या मैदानात, भर उन्हात होते, आणि ती घेणारे परीक्षक तुमच्या प्रात्यक्षिकाच्या परीक्षकांसारखेच हातात कागद घेऊन हिंडत असतात!

थंडीच्या दिवसांत आपल्या मोठ्या शहरांतून जुन्या मोटारींचे मेळावे भरतात. दिल्लीत ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने १९६४ साली असा मेळावा सुरू केला. मुंबईत फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलपासून निघालेली अशा गाड्यांची मिरवणूक तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलीही असेल. गाड्या रांगेने उभ्या राहतात, परीक्षक बॉनेट उघडून आत डोकावतात, दारे उघडझाक करून पाहतात, पायाखालचा गालिचा उचलून खालचा पत्रा बघतात आणि गुण देतात. मागच्या वर्षी अशाच एका स्पर्धेसाठी एक गाडी तयार करण्याच्या कामात मी ओढला गेलो. त्या चार महिन्यांत माझे एक मत बनले आहे, आणि ते अनेकांना रुचणार नाही. ते असे की, आपल्याकडे स्पर्धेसाठी जुनी गाडी ‘तयार’ करताना बहुधा तिचा जुनेपणाच आधी पुसला जातो. यात तुमचा काय संबंध, असे विचाराल, तर तुमच्या प्रयोगवहीचा आहे. कसा, ते ओघात येईलच.

गाडी होती १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. मालक बोईसरचे एक निवृत्त गृहस्थ. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मी पालघरला पदार्थविज्ञान शिकवतो, मोटारीतले मला फारसे कळत नाही. काकांना खरे म्हणजे मी नको होतो, आमच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज हवा होता! तो घेऊन मी एका रविवारी त्यांच्या शेडमध्ये गेलो आणि मग दर रविवारी जातच राहिलो.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे उद्योगपती. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्या तयार होऊ लागल्या. फियाट ११०० या गाडीलाच १९७०च्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ची होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली. लाखो लोकांनी जिच्यात बसून प्रवास केला, ती गाडी आता पाहण्यासाठी मेळाव्यात जावे लागते.

पहिल्याच दिवशी काकांनी आपला बेत सांगितला. “सर, गाडी अशी करायची, की बघणाऱ्याला वाटावे, कालच कुर्ल्याहून बाहेर पडली!” मिस्त्रींचाही तोच विचार. जुना रंग खरवडून काढायचा, पत्रा उघडा करायचा, लांबी भरून सपाट करायची, वर नव्या पद्धतीचा रंग आणि त्यावर काचेसारखा पारदर्शक थर. बंपर नव्याने क्रोम करून आणायचे. आतले रेक्झिन नवे. मी म्हटले, “मिस्त्री, कुर्ल्याहून निघाली तेव्हा गाडी एवढी चकाकत होती का?” मिस्त्री हसले. “नाही हो सर. तेव्हाचा रंग म्हणजे जवळून बघितला तर संत्र्याची साल. पण गाडी म्हातारी दिसली तर नंबर कोण देणार?”

या एका वाक्यात सारे आले. गाडी जशी होती तशी नव्हे, तर परीक्षकाला आवडेल तशी करायची. म्हणजे १९७४ सालची गाडी म्हणून आपण जी दाखवणार, ती १९७४ साली कधी अस्तित्वातच नव्हती!

आता माझ्या हातून काय घडले ते सांगतो, म्हणजे मी फार शहाणपणा मिरवतो आहे असे तुम्हाला वाटणार नाही. दुसऱ्या रविवारी, नुसते उभे राहण्यापेक्षा काहीतरी करावे म्हणून मी पॉलिश पेपर घेतला आणि डिकीच्या झाकणाची आतली बाजू घासू लागलो. तिथे वरून कधी रंग मारलेला नव्हता, थोडा गंज होता आणि खूपशी धूळ होती. पाऊण तासात पत्रा लख्ख केला. मिस्त्री आले, बघितले आणि म्हणाले, “सर, इथे तेलखडूने लिहिलेला आकडा होता. कारखान्यात तपासणाऱ्याने टाकलेला असणार.” तीन अंकी आकडा होता एवढे काकांनाही आठवत होते. मिस्त्री म्हणतात ३१७, काका म्हणतात ३७१. दोघेही छातीठोकपणे सांगतात. तो आकडा कशाचा होता, गाडीचा क्रम होता की तपासनिसाची खूण, हे कदाचित कोणी जाणकार सांगू शकला असता. आता कोणीच सांगू शकणार नाही. पन्नास वर्षे दमट हवेने जे पुसले नाही ते पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने पाऊण तासात पुसले.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला, की आधी मोजायचे, मग फोटो काढायचे, वहीत लिहायचे आणि त्यानंतर हात लावायचा. या नियमामुळे काम लांबले, पण त्यातले शास्त्र इतके रंजक निघाले, की लांबल्याचे दुःख कोणालाच झाले नाही.

पहिला प्रश्न होता, मूळ रंग कुठे आहे आणि नंतर भरलेली लांबी कुठे आहे? बाहेरून सगळे एकच दिसते. यासाठी परदेशी यंत्रे मिळतात, पण आम्ही एक चुंबक आणि प्रयोगशाळेतला स्प्रिंग बॅलन्स यांवर भागवले. चुंबकाला ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळली, तो बॅलन्सला अडकवला आणि उघड्या पत्र्याला चिकटवून किती बल लावल्यावर सुटतो ते पाहिले. मग मधे एक कागद, दोन कागद, तीन कागद असे ठेवत गेलो. ५०० कागदांचे रीम सुमारे ५ सेंटीमीटर जाड असते, म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटरचा. कागदांची संख्या आणि बल यांचा आलेख काढला, तो सरळ रेषेत उतरत नाही, आधी कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो आणि मग पसरट होतो. हा आलेख हाती आला, की गाडीच्या कोणत्याही भागावर चुंबक लावून वरचा थर किती कागदांइतका जाड आहे ते सांगता येते. कारखान्यातला रंग साधारण एका कागदाच्या जाडीचा असतो. दोन-तीन कागद निघाले तर वर पुन्हा रंग मारलेला आहे, आणि त्याहून बरेच अधिक निघाले तर आत लांबी आहे असे समजावे.

डावी दोन्ही दारे दीड-दोन कागदांची निघाली. छत तर जवळजवळ एकाच कागदाचे. उजव्या बाजूच्या मागच्या मडगार्डाने मात्र चुंबकाला ओळखच दाखवली नाही! तेव्हा कुठे काकांना आठवले, की १९८८ साली मनोरच्या नाक्यावर एका ट्रकने तिथे धक्का दिला होता. गाडीने ती गोष्ट जपून ठेवली होती, घरातली माणसे विसरली होती.

दुसरी युक्ती रंगाचे थर वाचण्याची. डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, अतिशय बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल घासला. मध्यभागी जास्त, कडेला कमी. वरचे थर मध्यभागी झिजून जातात आणि झाडाच्या खोडावर दिसावीत तशी वर्तुळे दिसू लागतात. आम्हाला बाहेरून आत अशी दिसली: पांढरा, मग फिकट निळा, मग तपकिरी अस्तर, मग पत्रा. म्हणजे गाडी मूळची निळी! काकांना ती जन्मभर पांढरीच आठवत होती. हा प्रयोग तुम्ही शाळेच्या जुन्या दारावर करू शकाल, पण शिक्षकांना विचारून, ओल्या कागदानेच, आणि नंतर हात साबणाने धुऊन. जुन्या रंगांत शिसे असते. घरगुती रंगांत ते ९० भाग प्रतिदशलक्षापेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची कोरडी धूळ नाकात जाऊ देणे शहाणपणाचे नाही.

निळा रंग ठरला, पण कोणता निळा? उन्हाने रंग विटतो. म्हणून नमुना घ्यायचा तो उन्हाने न पाहिलेल्या जागेतून, म्हणजे खिडकीच्या रबराखालून किंवा डॅशबोर्डाच्या मागून. दुकानात तो जुळवून घेतला आणि बाहेर उन्हात आणला, तर तो भलताच हिरवट दिसू लागला! हा दुकानदाराचा दोष नाही. दोन रंगद्रव्ये वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात परावर्तित करतात. दुकानातल्या दिव्याखाली त्यांची बेरीज डोळ्याला सारखी वाटते, पण सूर्यप्रकाशात तरंगलांबींचे प्रमाण निराळे असल्याने ती सारखी राहत नाही. साडीला जुळते ब्लाऊजपीस निवडताना आई ते दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन का बघते, ते आता ध्यानात आले असेल.

आता गंजाकडे वळू. पालघर-बोईसरकडे जुनी गाडी टिकवणे हे पुण्याला टिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. समुद्र काही किलोमीटरवर. नवापूर, नांदगाव, चिंचणीच्या किनाऱ्यावर लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि त्यांतले मीठ वाऱ्याबरोबर आत येऊन पत्र्यावर बसते. खायचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते तर ३३ टक्क्यांनाच ओले होते. म्हणजे आपल्याला हवा कोरडी वाटत असते तेव्हाही पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असतो. लोखंड, प्राणवायू आणि मीठमिश्रित पाणी एकत्र आले, की तिथे एक चिमुकली विद्युत्‌घटमालाच सुरू होते. त्यात कारखान्यांच्या परिसरातील हवेत गंधकाची संयुगे असली, तर आगीत तेलच. व्हर्नन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास दाखवून दिले, की अशा दूषित हवेत आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या पुढे गेली की गंजण्याचा वेग एकाएकी वाढतो. आमच्याकडे पावसाळ्यात ६० टक्के आर्द्रता म्हणजे कोरडा दिवस म्हणायचा!

आणि काकांनी इतकी वर्षे गाडी मायेने कशात गुंडाळली होती? प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत. रात्री पत्रा थंड होतो, ताडपत्रीच्या आत कोंडलेली दमट हवा त्याला लागून दवबिंदूखाली जाते आणि पत्र्यावर पाणी धरते. ते वाळायला वाराच नाही. गाडी उघडी ठेवली असती तर याहून बरी राहिली असती, असे मी म्हटले तेव्हा काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आता तिच्यावर सुती चादर असते आणि शेडला दोन्ही बाजूंनी झरोके पाडले आहेत.

गंज मात्र काढायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. तो रंगाखाली फुगतो, रंग उचलतो, फटीतून पुन्हा पाणी आत जाते. पण गंज काढणे निराळे आणि गंजाच्या निमित्ताने सबंध गाडी सोलणे निराळे. चार ठिकाणी दुखणे असताना सर्वांगाची कातडी कोणी काढत नाही.

बंपरची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण तिथे केवळ गाडीचा प्रश्न नव्हता. आपण ज्याला क्रोम म्हणतो तो मुख्यतः निकेलचा थर असतो, त्यावर क्रोमियमचा थर अगदी नावापुरता, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. हिशेब करून पाहा. बंपरचे क्षेत्रफळ ५००० चौरस सेंटीमीटर धरू आणि निकेलची जाडी ०.००२ सेंटीमीटर. आकारमान झाले १० घन सेंटीमीटर, वस्तुमान सुमारे ८९ ग्रॅम. फॅरडेच्या नियमाने यासाठी विद्युत्‌भार लागतो सुमारे २,९३,००० कूलॉम. २०० अँपियरचा प्रवाह सोडला तर साधारण २५ मिनिटांचे काम! इतके सोपे आहे, म्हणून तर मिस्त्री म्हणत होते, “सर, देऊन टाकू, दोन दिवसांत आरसा होऊन येईल.”

पण निकेलनंतर येते क्रोमियमची टाकी. रूढ पद्धतीत त्या टाकीत षट्‌संयुजी क्रोमियम असते. ते कर्करोगकारक आहे. शिवाय या टाकीतली बहुतेक वीज क्रोमियम बसवण्याऐवजी हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात वाया जाते आणि ते बुडबुडे फुटताना विषारी तुषार हवेत उडवतात. वस्तू धुतलेले पिवळे पाणी नीट शुद्ध केले नाही तर ते कुठे जाते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूरचा आकडा ९३.६९ होता, देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वरचा. ज्या गावाची हवा नि पाणी याआधीच एवढे सोसत आहे, तिथे दोन बंपर आरशासारखे दिसावेत म्हणून आणखी चार बादल्या पिवळे पाणी तयार करणे मला पटेना. हे माझे वैयक्तिक मत आहे. चार बादल्यांनी काय होते, असे मिस्त्री म्हणाले, आणि हिशेबाने ते चुकीचे नव्हते. तरीही आम्ही बंपर दिले नाहीत. अॅल्युमिनियमचा पातळ कागद चुरगाळून, पाण्यात भिजवून चोळला. अॅल्युमिनियम क्रोमियमपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही आणि वर आलेला गंज मात्र सुटतो. बारीक खड्डे राहिले. ते तसेच ठेवले.

इंजिनाबद्दल थोडक्यात. या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याचा प्रवास ७५ मिलिमीटर. चार सिलिंडरांचे आकारमान काढा, १०८९ घन सेंटीमीटर येते की नाही पाहा. आमच्या इंजिनाचे बोअरिंग पूर्वी कधीतरी झालेले होते. मोजल्यावर व्यास ६८.४ मिलिमीटर आला, म्हणजे आकारमान ११०२च्या पुढे. गाडीच्या कागदांवर १०८९ आहे आणि परीक्षकही तेच लिहून घेणार. आम्ही वहीत ११०२ लिहिले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ‘सगळे जुनेच ठेवायचे, तर ब्रेकही जुने ठेवणार का?’ मुळीच नाही! गाडी रस्त्यावर येणार असेल, तर समोरून येणाऱ्या माणसाला तिच्या अस्सलपणाशी काही कर्तव्य नसते. ब्रेकच्या रबरी नळ्या, वॉशर, टायर, विजेच्या तारा, पेट्रोलच्या नळ्या आम्ही सगळे नवे घातले. पेट्रोलच्या नळ्यांचे कारण तर अगदी अलीकडचे आहे. २०२५पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि १९७४ सालचे रबर त्याच्यासाठी बनवलेलेच नव्हते. नळी फुगते, भेगाळते आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. तिथे जुन्याचा अभिमान धरणारा माणूस मूर्ख म्हणावा लागेल. फक्त, जे जे बदलले ते वहीत तारखेसह लिहिले आणि काढलेले भाग चिठ्ठ्या बांधून डब्यात ठेवले.

माझे म्हणणे एवढेच आहे, की बदल करावा, पण बदल केलेला नाही असे भासवू नये. हे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. आपल्याच देशात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली सुधारणा झाली. त्यानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाहेरचा पत्रा वा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अमेरिकेत पेबल बीच येथे १९५० पासून अशी स्पर्धा भरते. तिथेही वर्षानुवर्षे नव्याने घडवल्यासारख्या चकचकीत गाड्याच पहिल्या येत. २०२४ साली मात्र १९३४ सालच्या एका बुगाटी गाडीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ही गाडी पूर्वी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे होती. तिचा जुना, विटलेला रंग तसाच राखलेला होता. अशा राखून ठेवलेल्या गाडीला तिथे पहिला मान मिळण्याची ती पहिलीच वेळ!

आणि आता प्रयोगवही. मी वीस वर्षे प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासतो आहे. दोलकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य काढायचे असते. पन्नास वह्यांपैकी चाळीस वह्यांत उत्तर ९८० किंवा ९८१ येते, आणि निरीक्षणे त्याला जुळतील अशी मागून भरलेली असतात. गंमत अशी, की पालघरच्या अक्षांशावर हे मूल्य सुमारे ९७८.६ सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग आहे! म्हणजे मुलांनी जुळवलेले ‘बरोबर’ उत्तर पालघरचे नव्हेच. एखाद्या मुलीच्या वहीत ९६९ येते, निरीक्षणे खाडाखोडीची असतात, दोऱ्याची लांबी मोजताना चूक झाल्याचे तिने कडेला लिहिलेले असते. तिला गुण किती मिळतात? खरे सांगायचे तर, माझ्याही हातून तिला कमी आणि ९८१ वाल्याला जास्त गुण दिले गेले आहेत. वही स्वच्छ होती, उत्तर पुस्तकातले होते, मला वेळ नव्हता. डिकीचे झाकण घासणारा मी आणि वही तपासणारा मी, एकच. शिक्षक बंधुभगिनींनो, मिस्त्रींनी विचारले तेच आपले विद्यार्थी मनात विचारत असतात, की नंबर कोण देणार? गुण चकाकीला मिळणार असतील तर चकाकीच तयार होणार. त्यात मुलांचा दोष आपल्यापेक्षा कमी आहे.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी सूचना आहे, की गाडीबरोबर तिची वही मागावी. काय मूळचे, काय बदललेले, कधी आणि का. शंभरातले निदान तीस गुण त्या वहीला द्यावेत. वहीत लिहिलेल्या दोषाबद्दल गुण कापू नयेत, लपवलेल्या दोषाबद्दल मात्र जरूर कापावेत. आमच्या प्रात्यक्षिकालाही हाच नियम यंदापासून मी माझ्यापुरता सुरू केला आहे. वह्या तपासायला दुप्पट वेळ लागतो.

स्पर्धेचे काय झाले, ते सांगायचे राहिले. पहाटे बोईसरहून निघून चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागलो आणि वेळेत पोहोचलो, वाटेत एकदाही बॉनेट उघडावे लागले नाही. आमच्या शेजारी एक पद्मिनी उभी होती, लालभडक, आरशासारखी, तिच्यात माझा चष्मासुद्धा दिसत होता. पारितोषिक तिलाच मिळाले. आमच्या गाडीपाशी परीक्षक पाच मिनिटे थांबले, बंपरच्या खड्ड्यांकडे पाहून त्यांनी कागदावर काहीतरी खरडले. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ मात्र निकाल लागल्यावर पुन्हा आले. दाराच्या कोपऱ्यातली ती रंगांची वर्तुळे त्यांनी वाकून बराच वेळ पाहिली, वही चाळली आणि डिकीतला आकडा नक्की कोणता होता, असे विचारले. मिस्त्री म्हणाले ३१७, काका म्हणाले ३७१.

सध्या वाद चालू आहे तो उजव्या मागच्या मडगार्डाचा. काकांना तिथली जुनी लांबी काढून पत्रा मूळ आकारात आणायचा आहे. मला वाटते, १९८८चा तो धक्काही आता गाडीचाच झाला आहे. मिस्त्री म्हणतात, पावसाळा संपू दे, दिवाळीनंतर बघू.